कुणाचीही हरकत नव्हती

मिलिंददादा गेल्याचं मला ऑफिसच्या ईमेलने कळलं. सोमवारी सकाळी, कँटीनच्या मेनूखाली आणि प्रिंटर दुरुस्तीच्या सूचनेच्या वर. ‘आमचे दीर्घकाळचे सहकारी श्री. वाघमारे’ वगैरे. शनिवारी दुपारी इथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या स्टेशनवर ते कोसळले आणि रविवारी हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्राण सोडला. सुजातावहिनींनी मला तीनदा फोन केला होता. मी मैत्रिणींबरोबर डोंगरात भटकायला गेले होते आणि फोन घरीच विसरले होते. या देशात पहिल्या दिवशी ज्या माणसाने मला विमानतळावरून घरी नेऊन गरम वरणभात वाढला, त्याच्या शेवटच्या दिवशी मी कुठे होते, तर डोंगरात. पाच आठवडे झाले. लोकांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच, पण त्याहून जास्त मी चिडलेली आहे, आणि हा राग कुणावर काढायचा हे मला अजून ठरवता येत नाही.

आमचं ऑफिस वाळवंटी देशांना हिरवं करून देण्याचं काम करतं. बागा, शेतं, वाळू अडवणारे झाडांचे पट्टे, ठिबकच्या नळ्यांचे नकाशे. २०११ साली मी तिथे लागले तेव्हा दादा मातीचे आणि झाडांचे तज्ज्ञ म्हणून आधीपासून होते. त्यांचे वडील बीड जिल्ह्यात सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत माळी होते. दादांची पीएच.डी. खारवट जमिनीवर, इथलीच, पण झाडाशी वागायची रीत वडिलांची. ऑफिसमधल्या जर्मन सहकारी कुंड्यांना रोज प्रेमाने पाणी घालायच्या आणि दादा त्यांच्यावर डाफरायचे. “लाड करू नका. वरच्या वर पाणी मिळालं की मुळं खाली कशाला जातील?” हे वाक्य मी जर्मन, इंग्रजी आणि मराठीत इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी मी त्यांच्या आधीच म्हणायचे. त्यावर ते हसायचे आणि तरी पुन्हा म्हणायचेच.

एका आखाती देशातला प्रकल्प मोठा होता. शहराबाहेरच्या उजाड वाळूत बाग, भाजीपाल्याची शेतं, सभोवती झाडं. बहुतेक ठिकाणी रोज पाणी देऊन सगळं झटपट हिरवं करायचं ठरलं होतं. मी लागायच्या आधीच दादांनी भांडून एक तुकडा स्वतःकडे मागून घेतला होता. तिथे त्यांनी तीनएकशे शमीची रोपं लावली. आपली शमीच, तिकडे तिला गाफ म्हणतात, आणि ती मूळची तिथलीही आहे. पाणी दहा-बारा दिवसांनी एकदा, पण भरपूर आणि खोल. मुळाने पाण्याचा पाठलाग करत खाली जायचं. दोन वर्षं झाड वर काही दाखवणार नाही, मग त्याला कुणाची गरज उरणार नाही. दादा वर्षातून तीनदा तिकडे जायचे आणि मानेवर करपून परत यायचे. मला फोटो दाखवायचे. वाळूत खोचलेल्या काटक्या. मी म्हणायचे, “दादा, यात झाड कुठंय?” ते म्हणायचे, “खाली आहे ना. कॅमेरा तिथे जात नाही.”

मला लागून पाच महिने होतात तोच उद्घाटन जवळ आलं. तिकडचे अधिकारी डार्मश्टाटला बैठकीसाठी आले आणि म्हणाले की पाहुण्यांच्या वाटेवर या काटक्या नकोत. त्या काढून तिथे तयार हिरवळ अंथरायची, गालिच्यासारखी गुंडाळून येते ती. आमचे विभागप्रमुख लगेच तयार. तेव्हा दादा बोलले. आवाज चढवला नाही, पण स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं की माझी हरकत आहे, पुढेमागे पाणी कमी करावं लागलं तर बाकी सगळं वाळेल आणि हा एकच तुकडा उभा राहील, तोच तुम्ही काढताय. विभागप्रमुख म्हणाले, “हो, हो, तर मग, पुढचा मुद्दा.” बैठकीचं टिपण, म्हणजे प्रोटोकोल, मी लिहीत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जर्मन ऑफिसात जे प्रोटोकोलमध्ये नाही, ते घडलेलंच नाही. टिपण सगळ्यांना पाठवतात, सात दिवसांत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर ते मान्य धरतात. त्याच महिन्यात दादांची नोकरी कायम व्हायची होती. कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर होता. मी विचार केला, पाहुण्यांसमोर साहेबांना अडवल्याचं कागदावर कशाला आणायचं? म्हणून लिहिलं, ‘श्री. वाघमारे यांनी पाण्याविषयी अधिक माहिती दिली.’ संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर दादांनी विचारलं, “शुभा, माझं म्हणणं लिहिलंस ना गं?” मी म्हटलं, “हो दादा.” त्यांना सांभाळून घेतल्याचं मला समाधान वाटत होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

सात दिवस गेले. हरकत आली नाही. तुकड्यावरून यंत्र फिरलं, हिरवळ अंथरली, उद्घाटनाचे फोटो सुंदर आले. दादांची नोकरी कायम झाली आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, मलाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तिकडे पाणी निम्म्यावर आणलं. हिरवळ गेली, भाजीपाला गेला, उथळ मुळांची झाडं वाऱ्याने आडवी झाली. मग चौकशी. तज्ज्ञाने धोका सांगितला होता का? प्रोटोकोल उघडला. नव्हता सांगितला. दादांना प्रकल्पावरून काढून दुसऱ्यांचे नकाशे तपासायला बसवलं आणि तिकडे जाणं कायमचं बंद झालं. मी त्यांना म्हटलं, मी साहेबांना जाऊन सांगते. ते म्हणाले, “राहू दे. आता त्याने काय उगवणार आहे?” आणि मी राहू दिलं. पुढची चार वर्षं तो माणूस खिडकीजवळ बसून नळ्यांच्या रेघा मोजत होता... आणि मी रोज त्यांच्यासमोर जेवत होते.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेले. दादांची कागदपत्रं लावायची होती. वहिनींना जर्मन फारसं वाचता येत नाही आणि मुलीची परीक्षा होती. एका फाइलमध्ये एक बंद न केलेलं पाकीट निघालं. आत दादांचं पत्र, विभागप्रमुखांच्या नावे, सही केलेलं, सातव्या दिवसाची तारीख. ‘बैठकीत मी स्पष्ट हरकत घेतली होती. प्रोटोकोलमध्ये ती नाही. कृपया दुरुस्ती करावी.’ एकही चूक नसलेलं जर्मन. दोन-तीनदा लिहून काढलं असणार.

मी ते हातात घेऊन बसले. वहिनी म्हणाल्या, “ते होय? ते द्यायलाच गेले होते हे. परत घेऊन आले. म्हणाले, हे दिलं तर शुभाने खोटं लिहिलं असं होईल, तिचे प्रोबेत्साइटचे सहा महिने अजून संपले नाहीत, लगेच काढून टाकतील. रोपं काय, परत लावू म्हणाले.”

परत कुठे लावली? परत कुणी लावू दिली? मी त्यांची नोकरी राखत होते, ते माझी, आणि त्या सात दिवसांत एका ट्रामच्या थांब्यावर रोज शेजारी उभं राहून आम्ही एकमेकांना एका शब्दाने विचारलं नाही. मला ती दया नको होती. त्यांनी ते पत्र द्यायला हवं होतं, मला शिव्या घालायला हव्या होत्या. तिथे आज सावली असती.

“घाईत राहून गेलं असेल तुझ्याकडून,” वहिनी म्हणाल्या.

“राहून गेलं नव्हतं, वहिनी. मी मुद्दाम गाळलं होतं.”

वहिनींनी पत्राची घडी पूर्वीसारखी घातली, पाकिटात सरकवली आणि फाइल दादांच्या टेबलाच्या कप्प्यात, त्यांच्या चष्म्याशेजारी परत ठेवली.

“माहीत होतं त्यांना,” त्या म्हणाल्या.