खडूच्या तुकड्यांसाठी ओहायो

"बाबा, लाँग वीकेंडला ओहायोला येतोस? एका फुटबॉलरची ग्रेव्ह बघायचीय," सईनं विचारलं, तोवर तिची आई तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ मळायलाही लागली होती. म्हणजे माझं जाणं ठरलेलंच होतं.

सई माझी मुलगी. इंजिनिअरिंगची नोकरी सोडून ती शाळेत गणित शिकवते आणि शाळा सुटल्यावर मुलींना फुटबॉल. मला ते कधी पचलं नाही. आठ वर्षं मी लोकांना "एज्युकेशन फील्डमध्ये आहे" असं मोघम सांगत आलो, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

हे फुटबॉलर गृहस्थ तिला ओहायोतल्या एका शाळेच्या जुन्या इयरबुकमध्ये सापडले. लांबुळक्या चेंडूचा हा फुटबॉल पैसे घेऊन खेळणं तेव्हा, शंभरेक वर्षांपूर्वी, नुकतं कुठं सुरू झालं होतं. ते रविवारी मॅच खेळायचे आणि सोमवारी वर्गात भूमिती शिकवायचे. पुढं पहिल्या महायुद्धात गेले आणि शवपेटीतूनच परत आले.

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या कॅरीहून पहाटे निघालो. सात तासांचा रस्ता, त्यात वेस्ट व्हर्जिनियातले डोंगर आणि तीन टोलनाके. गाडीवर टोलचा पास असू द्या. एका वळणावर गाडी थांबवून पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. खाली दरीभर धुकं होतं. नव्वद डॉलरच्या मोटेलमध्ये सामान टाकून आम्ही थेट स्मशानभूमीत पोचलो.

टेकडीवर सैनिकांच्या थडग्यांपाशी नुसते छोटे झेंडे फडफडत होते. मास्तरांचा दगड सापडला, पण शेवाळलेला, आणि वर पांढरे झिजलेले तुकडे. सई काहीतरी आणायला गाडीकडं गेली. मला घाण बघवत नाही. तुकडे गोळा करून नळाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, बाटलीभर पाणी ओतलं आणि रुमालानं दगड लख्ख पुसला. स्वतःवर खूश होतो.

"तो कचरा नव्हता," शेजारच्या थडग्याशी फुलं लावणाऱ्या आजीबाई इंग्रजीत म्हणाल्या. "खडू होते. माझे वडील त्यांचे विद्यार्थी. दरवर्षी एक ठेवायचे. आता मी ठेवते."

मी डब्यात खांद्यापर्यंत हात घातला. सई आली तेव्हा तिचा बाप आजीबाईंच्या देखरेखीखाली कचरा उपसत होता.

"बाबा, ओ माय गॉड!" ती हसत सुटली आणि मग स्वतःही वाकली. अकरा तुकडे मिळाले. ते आम्ही पुसून परत मांडले. सईच्या हातात गाडीतून आणलेली खडूची डबी होती, गणिताच्या मास्तरांसाठी तिच्या टीमच्या मुलींनी दिलेली.

"एक मला दे," मी म्हटलं.

"तुला कशाला?"

"माणूस गेल्यावरही लोक इतकी वर्षं आठवण ठेवतात, असं काम तू करतेस. मला कळलं नव्हतं गं. चुकलं माझं."

"आय नो, बाबा," ती म्हणाली आणि डबीच पुढं केली. आम्ही दोघांनी एकेक खडू ठेवला. आजीबाईंनी आम्हाला केक खायला घरी नेलं. त्या अनोळखी बाईचे आभार मी अजून मनातल्या मनात मानतो.

परतल्यावर पुढच्या शनिवारी मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे सगळ्यांनी घरून पदार्थ आणायच्या जेवणात, एका काकूंनी विचारलं, "सई काय करते हो सध्या?"

"शिक्षिका आहे. गणित शिकवते, आणि फुटबॉलही."

सई मागं ताट घेऊन उभी होती. "परत सांग ना, बाबा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.