निकालाआधी लागलेला फ्लेक्स

मुलीच्या मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी मी दोन वर्षं चाकूरचं घर सोडून लातूरला खोली करून राहिले. आमच्या गल्लीत घरोघरी अशाच आया. नवरे गावाकडं आणि आम्ही लेकरांच्या डब्यामागं. रविवारी क्लासची टेस्ट असायची. संध्याकाळी कुणाच्या घरात भांडी आपटली की कुणाचे मार्क उतरले ते साऱ्या गल्लीला कळायचं. आमची भांडी शांत असायची.

बारावीला तिला चांगले टक्के पडले, पण त्याचं कौतुक कुणाला? सगळी भिस्त त्या एका दुपारच्या पेपरवर. पेपर झाला त्याच संध्याकाळी तिनं क्लासनं काढलेल्या उत्तरांशी पडताळून आपले मार्क काढले. समोरच्या खोलीतली मुलगी मागच्या वर्षी याहून कमी मार्कांवर नांदेडच्या सरकारी मेडिकलला लागली होती. लेक हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, म्हणून मीही ते मार्क लगेच फोनवर घरी सांगून टाकले.

यांचं खत-बियाण्यांचं दुकान स्टँडसमोर आहे. दोनच दिवसांत मित्रांनी दुकानावर फ्लेक्स चढवला. लेकीचा दहावीतला फोटो, गळ्यात चिकटवलेला स्टेथोस्कोप, वर ‘भावी डॉक्टर’, आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांचे तिच्याहून मोठे फोटो.

“अहो, निकाल तरी लागू द्या,” मी फोनवर म्हणाले.

“मार्क काय बदलायलेत व्हय? उत्तरं तर तीच हायत.”

मार्क खरंच बदलले नाहीत. निकालात जसेच्या तसे आले. पण त्या साली सगळ्यांनाच भरभरून मार्क पडले आणि कटऑफ कुठल्या कुठं गेला. आम्ही यंदाचे मार्क मागच्या वर्षीच्या मापानं मोजले होते. साऱ्या गल्लीनं तेच केलं, पण फ्लेक्स आमचाच लागला होता.

प्रवेशाच्या पहिल्या राऊंडच्या यादीत तिचं नाव नव्हतं. खोली सोडून आम्ही घरी आलो. फ्लेक्स काढा म्हटलं की हे म्हणायचे, “काढला तर लोक इचारतेत. दुसऱ्या राऊंडला लागतंय, नांदेड न्हाई तर लातूर.” लेकीनं दुकानाकडं फिरकणंच सोडलं. जळकोटला मावशीकडं जायचं होतं, तर उन्हात फाट्यापर्यंत चालत गेली, पण बस धरायला दुकानासमोरच्या स्टँडवर गेली नाही.

मला तर नको नको ते सुचायचं. ऐकलेल्या बातम्या डोक्यातून जात नव्हत्या. ती ताट पुढं घेऊन नुसतीच बसायची. बाथरूममध्ये जरा वेळ लागला तरी मी दार वाजवायची.

शेवटच्या राऊंडलाही नाव नव्हतं. त्या संध्याकाळी यांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला, घरी आणला, पुसला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“कपाटावर ठिव. पुढल्या साली कामाला येतंय.”

लेक दारातच उभी होती. तिनं फक्त त्या घडीकडं पाहिलं.

अंगणात सोयाबीनची पोती पडली होती आणि आभाळ भरून आलं होतं. मी घडी मोडली, फ्लेक्स उलटा केला आणि पोत्यांवर पसरला.

“अगं, काय करायलीस?” हे ओरडले.

“पोती भिजतील,” मी म्हणाले.

लेक पायऱ्या उतरून आली.

“वारं लई हाय, आई. असा उडंल त्यो.”

तिनं भिंतीकडच्या विटा आणून चारी कोपऱ्यांवर एकेक ठेवली. पुन्हा लातूर की दुसरं काही, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आत येऊन तिनं भाकरी मागून घेतली, मला तेवढं पुष्कळ होतं.