सरकारी अंगठा

माझं नाव तारामती. निपाणीत विड्या वळते. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मांडीवर सूप ठेवलं, ते अजून उतरलेलं नाही. पानं आणि तंबाखू हाताळून बोटं अशी गुळगुळीत झालीत, की मी चोरी केली तर पोलिसांना ठसा सापडायचा नाही. पण चोरीलाही अक्कल लागते. ती असती तर विड्या कशाला वळत बसले असते?

घरात मी आणि नात ओवी. सून देवाघरी गेली, मुलगा गोव्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. ओवीला भात आवडतो आणि आमचा भात रेशनचा. पोरीचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही, त्यामुळे दुकानातल्या यंत्रावर माझाच अंगठा उठायला हवा. तो उठेना. लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, यंत्राला नमस्कारही करून पाहिला. शेवटी दुकानदार जिनाप्पानं माझी सगळी बोटं उजेडात धरून बघितली.

"आक्का, ह्या उजव्या अंगठ्यावर जरा रेघ दिसतीया. ह्याला कामाला लावू नगंस. मग ठसा येतोय बघ."

मी अंगठ्याला चिंधी बांधली आणि उरलेल्या बोटांनी विड्या वळू लागले. त्या अशा वाकड्या व्हायच्या की कारखान्यात निम्म्या बाजूला काढायचे आणि मजुरी कापायचे. अंगठा मात्र मजेत होता. काम नाही, वर रोज तेलाची मालिश. शेजारची कल्याणी म्हणाली, "तुझ्या घरात बी एक सरकारी नोकर झाला की गं." मलाही जरा रुबाब चढला. आमच्या निपाणीवर दोन दोन राज्यं हक्क सांगतात, माझ्या अंगठ्याला मात्र कुणी आपला म्हणेना.

रेशनविना महिने चालले होते. विकतचा तांदूळ परवडेना. मी ओवीला पातळ कण्या वाढायची आणि म्हणायची, "आज कण्या लई ग्वाड झाल्यात." ती मान डोलवायची. तिचं ते शहाण्यासारखं मान डोलवणं मला बघवत नसे.

एकदाचा ठसा उठला. यंत्र वाजलं. ओवीनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. जिनाप्पा मात्र पडद्याकडे बघतच राहिला.

"आक्का, तुझं कार्ड बंद झालंय. लई म्हैने रेशन उचललं न्हाईस, म्हणून वरनं नाव काढलंय. गरज न्हाय असं धरत्यात."

म्हणजे मधल्या काळात आम्ही श्रीमंत झालो होतो आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी हसू आलं. मग राग आला.

"आता काय करायचं रं आप्पा?"

"कचेरीत अर्ज कर. तितं बी अंगठा लागंल."

ओवीनं पिशवीची घडी घातली. घरी आल्यावर तिनंच चिंधी शोधून माझ्या अंगठ्याला घट्ट बांधली. मी चूल पेटवली.

"आज्जी, कण्या लई ग्वाड झाल्यात," ती म्हणाली. पाण्याला अजून आधणही आलं नव्हतं.