बफवर गेलेली शिवराई
बफिंगच्या मेणाचा वास आला की कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपातली ती खंडेनवमी आठवते. सकाळपासून सगळे आपापली हत्यारं घासूनपुसून लखलखीत करत होते. वडिलांना उसाच्या रानात सापडलेली तांब्याची काळी शिवराई मीही पूजेत ठेवायला आणली होती. हार घेऊन परत आलो, तर पॉलिशवाल्या मित्रानं ती बफच्या फिरत्या चाकावर धरून आरशासारखी चमकवलेली आणि अक्षरं निम्मी गेलेली! "बघ गड्या, लय मळ हुता!" तो इतका खूश होता की माझी शिवी तोंडातच राहिली. दुसऱ्या दिवशी सांगलीत जुन्या नाण्यांच्या एका जाणकाराला विचारलं, "हिला पुन्हा काळी कशी करू?" ते हसले. "काहीच लावू नका. नुसती जवळ बाळगा, आपोआप रंग धरेल. अक्षरं मात्र गेली ती गेली." तेव्हापासून ती माझ्या शर्टाच्या खिशात असते, आता छान तपकिरी झालीय. यंदाच्या खंडेनवमीला मित्रानं हात पुढं केला, "शिवराई आण की तुजी, घासून देतो." "घरी राहिली रं," म्हणालो आणि खिसा घट्ट दाबून आरतीला उभा राहिलो.