डावरा हाकिम

लग्न होऊन मी गोंदियाहून सडक अर्जुनीच्या अंगाला एका तलावाच्या गावी आले, तेव्हा तिथं कोणी शिनिमा पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता. माहेरी राइस मिलच्या मागच्या पटांगणात तंबू पडायचा आणि वडील आम्हाला न्यायचे. सासरी आल्या आल्या मी हे सांगून टाकलं, तर सासूबाई म्हणाल्या, "असंल बापा, शहरची पोरगी." मग मीही तोंड मिटलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामाजी.

मामाजी गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी नि किती सोडायचं, हे पाणकर ठरवतो. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला तुडुम म्हणतात, आणि तुडुमाला लागून पहिली बांधी आमची होती. मामाजी पहिलं पाणी तिच्यातच घ्यायचे. ती भरेस्तोवर तलाव किती उतरतो ते पाहायचे आणि त्यावरून खालच्या बांध्यांचा अंदाज बांधायचे. त्यांच्या बापानंही तसंच केलं होतं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. निदान मोठ्यानं कोणी म्हणत तरी नव्हतं.

त्या साली हस्त कोरडा गेला. धान निसवून उभा, तलाव मात्र अर्धा. दिवाळीनंतर एक पाणी मिळालं तर दाणा भरणार होता, नाहीतर सगळा पोचट. बायका पाण्याला जाताना आधी पाळीकडे पाहायच्या आणि मग घागर बुडवायच्या.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडईत दंडार, खडीगंमत असे नाच-सोंगांचे खेळ असतात, आणि सोंग घेणारे गावातल्या माणसांचीच नक्कल करतात. आमच्या गावची एक रीत होती. ज्याची नक्कल झाली, त्यानं दुसऱ्या दिवशी चारचौघांत सोंगाड्याला नारळ द्यायचा. नारळ दिला म्हणजे खोड कबूल, आणि कबूल केलेली खोड निदान त्या वर्षी तरी सोडायची. नाही दिला, तर त्या माणसाच्या शब्दाला पुढं कोणी धूप घालत नसे.

त्या मंडईला गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, खडीगंमत बोलावलीच नाही. कोहमाऱ्याच्या सडकेनं शिनिमाची कंपनी चालली होती, तीच वळवून आणली. मोठा मान वाटला त्याला. बांबूंना पांढरा कपडा बांधला, अलीकडे पुरुष आणि पलीकडे आम्ही बायका. म्हणजे आम्ही पडद्याच्या पाठीमागून पाहणार होतो. हे उलटं दिसेल हे मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारतं?

शिनिमा हिंदी होता आणि एका गोष्टीचा नव्हताच. नुसत्या नकला जोडल्या होत्या, एक संपली की दुसरी. एक वैद्य स्वतःचीच नाडी पाहून घाबरतो. एक नवरदेव हुंड्यात मिळालेलं घड्याळ मिरवत जिकडेतिकडे वेळ विचारत फिरतो. मला त्यातल्या बऱ्याचशा पांचट वाटल्या. मग हाकिमाची नक्कल आली. दुष्काळ पडलाय, भुकेल्या लोकांची रांग लागलीय आणि हाकिम खिरीचा हंडा घेऊन वाटायला बसलाय. डाव भरून घेतो, म्हणतो, "ज़रा चखकर देख लूँ," आणि स्वतःच्या गंजात, पातेल्यात, ओततो. पुन्हा डाव, पुन्हा "ज़रा चखकर". रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत येतो तेव्हा हंड्यात डाव नुसता वाजतो.

अगं बाई, काय हसले लोक! आणि सगळ्यांच्या वर एक हसणं ऐकू येत होतं, ते मामाजींचं. घरी ते ओठ मुडपून हसायचे. तिथं मात्र मांडीवर थापा मारून हसत होते. आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमचे हसून राहिले, आयकतेस का?" त्यांना फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुडुम उघडायचं म्हणून सारे पाळीवर जमले. आम्ही बायका घागरी घेऊन घाटावर होतो. पाण्याआधी विषय शिनिमाचाच निघाला. मालगुजार म्हणाला की हाकिम हुबेहूब तहसीलदारासारखा होता. एकजण म्हणाला, "तहसीलदार कायले? मालगुजारच होय तो," पण हे मालगुजाराची पाठ फिरल्यावर. कोणाला वैद्य आवडला होता. एका म्हाताऱ्याचं म्हणणं असं की, सोंग करणारा समोर घाम गाळत नाही, त्याला नारळ कसा द्यायचा, तेव्हा ही काही गंमत नव्हे. मामाजी म्हणाले, "कोनी का असंना, पन बेट्यानं बराबर पकडला. खाई त्याले खवखवे."

तेवढ्यात शेवटच्या बांधीचा शेतकरी बोलला. त्याची बांधी अगदी टोकाला होती आणि कोरड्या सालात पाणी तिथं पोचेपर्यंत दम तोडायचं. माणूस गरीब नव्हता, भांडखोरही नव्हता. तो म्हणाला, "पाणकर, तुमी हसून राहिले रातच्याले, मी नाई हसलो. तुमची बांधी भरल्याबिगर आमाले अंदाज भेटते का? कुंपनच शेत खाते."

पाळीवर मग एक हसला, मग दुसरा, आणि कोणीतरी "ज़रा चखकर" म्हटलं. मामाजींचा चेहरा मी एवढ्या लांबून पाहिला आणि मला त्यांची दया आली. खरंच आली. रात्रभर दुसऱ्यावर हसलेला माणूस सकाळी एकदम स्वतःवर येऊन पडला होता.

नक्कल मामाजींची ठरली. आता पेच असा होता. नारळ दिला तर आमची बांधी त्या साली शेवटी, आणि अर्ध्या तलावात शेवटी म्हणजे पाणी नाहीच. नाही दिला तर पाणकराचा शब्द गेला, आणि शब्द गेला की पाळीवर कुऱ्हाडी निघतात, जो तो आपला पाट फोडून घेतो.

घाटावरून आत्याबाई ओरडल्या. डोक्यावरचा पदर एका हातानं घट्ट धरून, पुरुषांकडे न बघता, पण अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा. "तो हाकिम डावरा होता! आमी साऱ्याजनीनं पायलं. डाव्या हातानं वाढून राहिला होता मेला. आमच्या घरी कोन डावरा हाय, सांगा!"

बायकांनी एका तोंडानं री ओढली. त्यांच्या मते त्या नकलेतला सगळा गुन्हा तोच होता, भुकेल्याला डाव्या हातानं वाढणं. स्वतःचा गंज भरल्याचं कोणाला फारसं काही नव्हतं, सगळेच हाकिम भरतात. पुरुष म्हणाले, डावरा कुठला, उजवाच. झालं, भांडण जुंपलं. नवरे उजवा म्हणतात, बायका डावा म्हणतात, आणि दोन्हीकडचे शपथा घेतात. शेवटच्या बांधीचा माणूसही गोंधळला, कारण त्याची स्वतःची बायको डाव्याच्या बाजूला होती. तुडुम दुपारी उघडू असं ठरवून लोक पांगले. मामाजी सुटल्यात जमा होते.

घरी येऊन ते ओसरीवर बसले. आत्याबाईंनी पेज आणून ठेवली. त्यांची पावलं हलकी पडत होती, आपण नवऱ्याला वाचवलं याचा आनंद लपत नव्हता. मामाजींनी पेजेला हात लावला नाही. दाराआड मी उभी होते, मला म्हणाले, "बाई, तू गोंदियाची. तू पायला हायेस शिनिमा. खरं सांग, डावरा होता का तो?"

आत्याबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की अजून आठवते. मला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. त्या घडीला सुचलं नाही, एवढंच.

"नाही मामाजी," मी म्हटलं. "उजवाच. पडद्यामागून उलटं दिसते."

"पायलं मीबी उजवाच," ते म्हणाले. "म्हनलं, कोनी दुसरं काई सांगते का."

"अन् डावरा असता तं?" आत्याबाई म्हणाल्या. "डावरा म्हनाले काय जाते? काऊन खवखवून राहिलं तुमाले?"

"हात कोनताबी असो," मामाजी म्हणाले, "गंज तं त्याचाच भरला ना पयले."

पेज प्यायले, देवळीतला नारळ घेतला आणि गेले. कंपनीवाले पडद्याची घडी घालत होते. मशीनवाल्याच्या हातात त्यांनी नारळ ठेवला, सगळ्यांसमोर. तो बिचारा म्हणाला, "ये किसलिए, दादा?" मामाजी म्हणाले, "तुमच्या हाकिमाले द्या." दुपारी तुडुम उघडलं, आणि पाणी आमच्या बांधीच्या धुऱ्याला, कडेच्या बांधाला, लागून खाली गेलं. अंदाज चुकला नाही. शेवटच्या बांधीला पुरलं, आमच्या वाट्याला चिखल आला.

त्या साली पाळीवर एकही कुऱ्हाड आली नाही. आमच्या बांधीतून तणस, म्हणजे नुसता पेंढा, याखेरीज काही निघालं नाही, वर्षभर आम्ही जाड्या तांदळाचा भात खाल्ला. आत्याबाई भात वाढताना रोज माझ्याकडे बघून म्हणायच्या, "डावराच होता." आधी मला राग यायचा. मनात म्हणायची, बाई, पुरे की आता. मामाजी मात्र खाली मान घालून जेवायचे. पाणकरकी त्यांच्याकडेच राहिली, ते जाईपर्यंत.

ते वारल्यावर, दुसरी मोठी लढाई संपता संपता, माझ्या भावाकडे लग्न निघालं म्हणून मी आत्याबाईंना गोंदियाला घेऊन गेले. टाकीजमध्ये जुना शिनिमा लागला होता, तोच. मी सांगितलं नाही, नुसतं नेलं. तिथं बायकांना बसायला कनात लावून जागा केली होती, पण पडद्याच्या पुढच्या अंगाला. वैद्य झाला, घड्याळवाला झाला. हाकिम आला, त्यानं उजव्या हातात डाव घेतला आणि खीर आपल्या गंजात ओतली. सारं टाकीज हसलं. आत्याबाई हसल्या नाहीत. पुढं वाकून बघत होत्या, शेवटचा म्हातारा येईपर्यंत. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"उलटा लावला यायनं," त्या म्हणाल्या.

"हो आत्याबाई," मी म्हटलं. "उलटाच लावला."