हर्णैच्या बंदरातून गिरगावच्या हॉलमध्ये

हर्णैला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावात (प्रवासी व सामान नेणाऱ्या मोठ्या होडीत) बसून तिच्यापर्यंत जात. माघातल्या एका सकाळी मी असाच पडावात बसलो. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि दादरच्या एका संस्थेचं पत्र होतं. मोठ्या हॉटेलांच्या भोजनगृहांत देखरेखीचं काम करू शकतील अशी माणसं तयार करण्यासाठी त्या संस्थेने चार महिन्यांचा वर्ग काढला होता आणि त्यात मला जागा मिळाली होती.

मी दापोलीचा. आमच्या वस्तीतली माणसं पूर्वीपासून पलटणीत जात. मीही सहा वर्षं खडकीच्या एका लष्करी मेसमध्ये वाढप्याचं काम करून परतलो होतो. तिथे अधिकाऱ्यांना वाढताना माझी जात कोणी विचारली नव्हती. गावात विचारण्याची गरजच नव्हती. काही महिन्यांपूर्वी आमच्या सगळ्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यामुळे आमची मान ताठ झाली होती. पाणी मात्र अजून आम्ही खालच्या डबक्यावरूनच आणत होतो.

बोटीच्या डेकवर माझ्याशेजारी गुहागरकडचे एक म्हातारे गृहस्थ सुपारी कातरत बसले होते.

“काय शिकायला निघालात?” त्यांनी विचारलं.

“वाढायला,” मी म्हणालो.

“वाढायला शिकावं लागतं होय?” असं म्हणून ते पुन्हा सुपारी कातरू लागले. 

दुपार कलताना बोट भाऊच्या धक्क्याला लागली. हमालांची ओरड, सुक्या मासळीचा वास, आणि उतरल्या उतरल्या समोरच्या भिंतीवर चुन्याने काढलेली हातभर उंचीची अक्षरं: ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ पुढे ट्रामने परळकडे जाताना ती अक्षरं मला इतक्या भिंतींवर दिसली की शेवटी मी वाचायचं सोडून दिलं.

भोईवाड्यात माझी चंद्राआत्या राहायची. नवरा वारल्यावर तिने गिरणीत वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात नोकरी धरली होती आणि दोन मुलींना एकटीने वाढवलं होतं. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत बुद्धाची नवी तसबीर होती आणि तिच्याखाली चळवळीचं एक पत्रक खिळ्याला टोचलेलं होतं. शेजारच्या खोलीतला मुलगा सत्याग्रह करून तुरुंगात गेला होता. त्याची आई रोज सकाळी भोईवाड्याच्या कोर्टाकडे जाऊन यायची. तारीख असो वा नसो.

“तूही जातेस का मोर्चाला?” मी आत्याला विचारलं.

“जाते की. पाळी सुटली की जाते.” ती भाकरी थापत होती. “महाराष्ट्र होऊ दे बाबा. पण झाला की त्यात आपल्यालाही बसायला जागा हवी. नायतर आपण नुसतं ओरडून घसा बसवायचा.”

दुसऱ्या दिवशी मी दादरला गेलो. वर्गात आम्ही सोळाजण होतो. शिकवायला लोबो मास्तर होते: साठीचे, काटक, मूळचे गोव्याचे. बावीस वर्षं त्यांनी विलायतेला जाणाऱ्या बोटींवर भोजनगृह सांभाळलं होतं. मला काही लपवून शिकायचं नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन माझी जात आणि धर्म सांगून टाकला.

त्यांनी चष्मा वर केला. “त्याचं इथे काय काम नाय. नखं दाखव.”

मी हात पुढे केले. दोन बोटांची नखं वाढली होती. त्यांनी मला परत पाठवलं आणि नखं कापून आल्यावरच वर्गात घेतलं.

सहा वर्षं मी मेसमध्ये लोकांना ताटं नेऊन देत होतो, तरी त्या वर्गात माझं ज्ञान किती तोकडं आहे ते कळलं. काटे-चमचे व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यातून काढून पुसायचे, ग्लास उजेडासमोर धरून बघायचा, त्याच्या कडेला बोट लागू द्यायचं नाही, ताट डावीकडून ठेवायचं, पाणी उजवीकडून ओतायचं. इथपर्यंत वाढप्याचं काम. देखरेख करणाऱ्याचं काम त्यापुढे सुरू व्हायचं. कोणाकडे किती टेबलं द्यायची, कोण थकला आहे, कोणता पाहुणा घाईत आहे, कोणाला एकटं बसायचं आहे, हे त्याने न विचारता ओळखायचं.

“हॉलमध्ये काय बी बिघडलं,” मास्तर म्हणत, “तर चूक कोणाची ते मागाहून बघू. त्या वेळी ती तुझी.”

पेयांचा तास आठवला की अजून वाईट वाटतं. मुंबईत दारूबंदी होती. मास्तरांचं अर्धं आयुष्य वाइनच्या बाटल्या उघडण्यात गेलं होतं, आणि आता ते आम्हांला कोकमाच्या सरबतावर शिकवत. बाटली फडक्यात कशी धरायची, पहिला घोट कोणाला द्यायचा, शेवटचा थेंब टेबलक्लॉथवर न सांडता मनगट कसं वळवायचं, हे सगळं ते गंभीरपणे करून दाखवत. “हे कधीतरी लागेल,” ते म्हणाले, “नाय लागलं तरी हात शिकतो.”

एका पहाटे ते आम्हांला कुलाब्याच्या कोळीवाड्यात घेऊन गेले. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. काठ्यांवर बोंबील वाळत होते. मी एका पापलेटवर बोट दाबून ‘ताजं आहे’ म्हणालो तेव्हा समोरच्या कोळणीने माझा हात बाजूला केला.

“दाबून काय बघतोस? कल्ला उघड,” तिने सांगितलं. आतला लाल रंग दाखवला आणि मग शेजारच्या टोपलीतलं दुसरं पापलेट उघडून त्याचा काळपट कल्लाही दाखवला. दुसरी टोपलीही तिचीच होती. मास्तर परतताना म्हणाले, “ह्या बाईला मी उद्या हॉल सांभाळायला देईन.”

पुढचे दोन महिने आम्ही गिरगावातल्या एका भोजनगृहात प्रत्यक्ष काम केलं. खाली चहा-फराळ, वर लांब हॉल, बाजूला पँट्री (स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधली वाढपाच्या तयारीची खोली). पहिल्याच आठवड्यात हरताळ होता. ट्रामगाड्या बंद होत्या. मी परळहून चालत निघालो. लालबागला पोलिसांची रांग आणि रस्ताभर विटांचे तुकडे होते, म्हणून गल्ल्यांतून वळसे घेत गेलो आणि पोचायला दीड तास उशीर झाला. धाप लागलेल्या अवस्थेतच सूपचा वाडगा उचलला आणि तो एका वकिलांच्या पांढऱ्या कोटावर उपडा केला. वकिलांनी हसून कोट काढून ठेवला. मास्तरांनी मात्र मला दोन दिवस नुसते ग्लास पुसायला बसवलं. उशीर झाल्याबद्दल ते रागावले नव्हते. दम खायला थांबलो नाही, याबद्दल रागावले होते.

आमच्या परीक्षेची रीत अशी होती की प्रत्येकाने एका जेवणावळीचा हॉल स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायचा. माझ्या वाट्याला आलं ते वैशाखातलं एक दुपारचं जेवण. चळवळीत तुरुंगात जाऊन सुटून आलेल्या चाळीस सत्याग्रहींचा सत्कार होता. कोणी लालबागच्या गिरणीतले, कोणी नाशिक-साताऱ्याकडचे शाळाशिक्षक, कोणी शेतकरी. वरण, भात, दोन भाज्या, पुऱ्या आणि श्रीखंड असा बेत होता. माझ्या हाताखाली पाच वाढपी होते. मास्तर दाराशी स्टूल टाकून बसले होते.

सुरुवात चांगली झाली. भाषणं आटोपली, माणसं पानांवर बसली. तिसऱ्या टेबलाचा वाढपी भात आणायला गेला होता, म्हणून तिथे मीच पाणी द्यायला गेलो. ग्लास भरायला वाकलो, तेवढ्यात आवाज आला.

“भाग्या? तू इथे?”

माझं नाव भागुराम. ‘भाग्या’ म्हणणारी माणसं एकाच गावात होती. मी वर पाहिलं. आमच्या गावच्या खोतांचे (जुन्या जमीनदारांचे) धाकटे चिरंजीव होते. दाढी वाढली होती, गाल बसले होते. ते सत्याग्रहात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

“हो साहेब,” मी म्हणालो. “इथे शिकतो.”

त्यांनी ग्लासवर हात ठेवला. आवाज खाली आणून म्हणाले, “पाणी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांग.”

टेबलावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. वाटीत बुडवलेली पुरी एकाच्या हातात तशीच राहिली. मी दाराकडे पाहिलं. मास्तर उठून उभे राहिले होते, पण पुढे आले नाहीत. हॉल माझा होता.

वाढपी बदलणं अगदी सोपं होतं. पाहुण्याची सोय बघायची हेच तर शिकलो होतो. एक खूण केली असती की दुसरा वाढपी आला असता, परीक्षाही सुरळीत पार पडली असती. माझ्या हातातला पाण्याचा जग जड झाला होता, एवढं आठवतं. मग मी बोललो.

“साहेब, या हॉलची जबाबदारी आज माझ्याकडे आहे. तुमच्या पानातलं सगळं माझ्या नजरेखालून आणि माझ्या हातावरून आलं आहे. ते चालत नसेल तर पान उचलतो. बंद बाटलीतला सोडा आणि न सोललेली केळी आणून देतो. पण पाणी द्यायला दुसरा माणूस पाठवणार नाही.”

 मग त्यांच्या शेजारी बसलेले लालबागचे एक वयस्कर गिरणीकामगार, ते दोघे तुरुंगात एकाच बराकीत होते, पानातून डोकं वर न काढता म्हणाले, “तिथे आपल्या भाकऱ्या कोण भाजत होतं, अण्णा? यांच्याच समाजातली पोरं ना? तुम्ही दोन दोन मागून घेत होतात.”

धाकटे खोत लाल झाले.  मग त्यांनी ग्लासवरचा हात काढला. मी पाणी ओतलं. थेंब सांडला नाही. पुढच्या टेबलाकडे गेलो, श्रीखंड वाढायची खूण केली, आणि मग पँट्रीत जाऊन नळाला धरून उभा राहिलो.  मला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. ज्या माणसाच्या अंगणात माझा बाप वहाणा काढून उभा राहायचा, त्याला मी चाळीस माणसांसमोर उघडं पाडलं होतं; आणि तो माणूस याच महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आला होता.

जेवण आटोपल्यावर जिन्याच्या वळणावर त्यांनी मला गाठलं.

“पाणी मी प्यालो,” ते म्हणाले.

“मी पाहिलं, साहेब.”

“गावात हे बोलू नकोस, भागुराम. आई अजून आहे. तिला सोसायचं नाही.”

ते प्रथमच माझं पूर्ण नाव घेत होते. मी म्हणालो, “मी होऊन बोलणार नाही. कोणी विचारलं तर खोटंही सांगणार नाही.” ते मान हलवून जिना उतरून गेले. मला कोणी विचारलं नाही. आता त्यांची आई नाही आणि तेही नाहीत, म्हणून लिहितो आहे. त्या दिवशी गप्प राहायचं कबूल केलं तो माझा समजूतदारपणा होता की जुनी भीती, हे मला आजही सांगता येत नाही.

मास्तरांनी परीक्षेच्या कागदावर एवढंच लिहिलं: ‘पाणी वेळेवर दिलं. भात पाच मिनिटं उशिरा.’ गिरगावच्या त्याच भोजनगृहात मला साहाय्यक पर्यवेक्षकाची जागा मिळाली. रुजू होण्याआधी मी आठ दिवसांची सवड मागून घेतली आणि पावसाळ्यामुळे बोटी बंद होण्यापूर्वी हर्णैमार्गे गावी परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला म्हणालो, “आज मी वाढतो. तू बस.” माझी आई सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशीच उकिडवी बसून, उरलं असेल ते खायची. तिला पाटावर बसवणंच कठीण गेलं. भात वाढला तर ती मीठ आणायला उठली. आमटी वाढली तर भांडं झाकायला उठली. तिसऱ्यांदा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती बसली. मी मासळीचा तुकडा वाढला, पाणी ठेवलं आणि मागे सरून उभा राहिलो.

ती खाली मान घालून जेवत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मुंबईत सगळ्यांना असंच वाढतोस?”

“सगळ्यांना.”

“मोठ्या माणसांना पण?”

“त्यांनाही असंच.”

 पानातला भात संपवून तिने बोटं पुसली आणि पान जरासं माझ्याकडे सरकवलं.

“थोडा भात वाढ,” ती म्हणाली.

मी तीस वर्षांचा होत आलो होतो. आईला स्वतःसाठी काही मागताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.