चोरांनी खुर्चीसुद्धा नेली

सुलतान बाजारातून रेक्झीन आणि फोम घेऊन परतलो तेव्हा दुपार होती. ऑटोतून उतरतानाच मला दिसलं की गॅरेजचं शटर खाली टेकलेलं नाही. जमिनीलगत वीतभर फट होती. क्षणभर वाटलं, यांनी उघडलं असेल. पण हे तर माझ्या मागून, फोमची गुंडाळी छातीशी धरून, ऑटोतून पाय खाली टाकत होते.

कुलूप जसंच्या तसं होतं, फक्त ते जमिनीवर पडलं होतं. ज्या लोखंडी कड्यात ते अडकवलेलं असायचं, ते कडंच कुणीतरी कापलं होतं.

आमचं घर चिक्कडपल्लीच्या एका आतल्या गल्लीत आहे. सासऱ्यांनी मोटारीसाठी गॅरेज बांधलं. मोटार केव्हाच गेली आणि गॅरेजमध्ये जुने पंखे, पेट्या, वर्तमानपत्रं साचत गेली. मी दवाखान्यात थेरपिस्ट होते. ज्या मुलांना जन्मापासून शरीर ताब्यात ठेवता येत नाही, मान सावरत नाही, पाठ धरत नाही, अशा मुलांना बसायला, उभं राहायला शिकवणं हे माझं काम. निवृत्त झाल्यावर मी ते गॅरेज रिकामं केलं आणि त्या मुलांसाठी खुर्च्या करायला लागले. तयार खुर्च्या मिळतात, पण मूल काही तयार मापाचं नसतं. एकाची मांडी लांब, दुसऱ्याची पाठ एका बाजूला झुकलेली. मी माप घ्यायचे, प्लायवूड कापायचे, कडा घासून गुळगुळीत करायचे, फोम लावायचे.

शटर वर ढकललं. ड्रिल मशीन नव्हतं. विजेची करवत, जिगसॉ, नव्हती. घासायचं मशीन, सगळे शिकंजे, पटाश्यांचा डबा, काहीच नव्हतं. प्लायवूडच्या पाट्या भिंतीला तशाच टेकलेल्या होत्या. आणि मधल्या टेबलावर, जिथे सकाळी मी खुर्ची ठेवून गेले होते, तिथे फक्त भुसा होता.

"खुर्ची?" मी म्हणाले.

"अगं, मशिनं गेली सगळी," हे म्हणाले.

"हो, पण खुर्ची कशाला नेली?"

ती कोपऱ्याची खुर्ची होती. पाठीला दोन फळ्या काटकोनात, म्हणजे मुलाचे खांदे पुढे वळून राहतात, मांड्यांच्या मध्ये एक गोल खुंटा, म्हणजे घसरत नाही, पायाखाली फळी. ती एका सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी होती. तिची आई नारायणगुड्याला औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. मुलगी आतापर्यंत जेवली ती आईच्या नाहीतर बापाच्या मांडीवर. ती आता जड झाली होती आणि आईची कंबर धरू लागली होती. त्या खुर्चीचा दुसऱ्या कुणाला काही उपयोग नव्हता. तिच्यात दुसरं मूल नीट बसलंच नसतं.

पोलीस आले. त्यांनी फोटो काढले, कापलेलं कडं हातात घेऊन पाहिलं. त्यातला वयस्कर म्हणाला, "ताला तो मजबूत था अम्मा, कडीच कमजोर थी." आमचे हे कोर्टातून निवृत्त झालेले. तक्रार कशी लिहायची ते यांना सांगावं लागत नाही. पण त्यांनी मशिनांची ओळख काय, असं विचारलं. बाजारात मिळतात तशी हिरवी-निळी मशिनं. त्यांच्यावर आमचं काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मला घरात बसवेना.

सकाळी चहा झाला की पायात चपला घालून मी निघायचे. भंगारवाल्यांच्या दुकानांपुढून जायचे, थांबायचे, आत बघायचे. जुनी हत्यारं विकणाऱ्यांच्या फडक्यांवर वाकून बघायचे. सामान वाहणारी ऑटोट्रॉली शेजारून गेली की मान आपोआप वळायची. एकदा एका ट्रॉलीत प्लायवूडचा काटकोन दिसला म्हणून मी तिच्यामागे भर रस्त्यात धावले. सिग्नलला गाठलं तर ते कुणाच्या तरी देव्हाऱ्याचं खोकं होतं. ट्रॉलीवाला म्हणाला, "क्या होना अम्मा?" मला काय हवं होतं ते त्याला सांगताच येईना.

"आता पुरे," हे म्हणाले. "चोराला खुर्ची कळत नाही, त्याला लाकूड कळतं. हाताला आलं ते भरलं त्यानं."

ते खरंच असणार. पण मला वाटत राहायचं की त्यानं ती उचलली तेव्हा एकदा तरी उलटीसुलटी करून पाहिली असेल. हे काय आहे, असं त्याच्या मनात आलं असेल. आणि तरी नेली.

पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला चोरीचं दुःख नव्हतं, राग होता, आणि तो राग त्यानं सामान धाडून काढला. कॅमेरा आला. शटरजवळ भिंतीला लावायचा सायरन आला, शटर उचललं की वाजणारा, फोनवरून चालू-बंद होणारा. आतून जाळीचा दुसरा दरवाजा बसला. "आई, काम करतानाही शटर खालीच ठेव," तो म्हणाला. "आत काय आहे ते रस्त्याला दिसायलाच नको."

मग शटर खाली. आत दिव्याच्या उजेडात मी, पंखा आणि उडता भुसा. घामानं चष्मा घसरायचा. घरात उघडणारं दार होतं, त्यातून भुसा थेट स्वयंपाकघरात जायचा आणि हे खोकायचे. पूर्वी शटर सताड उघडं असायचं. समोरच्या घरातली बाई, मी तिला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणते, तीही मला वदिना म्हणते, संध्याकाळी चिक्कुडुच्या, आपल्या वालाच्या, शेंगा घेऊन यायची आणि माझ्या स्टुलावर बसून निवडायची. मुलांना शाळेतून घरी नेणाऱ्या आया थांबून विचारायच्या, आमच्या मुलासाठी असं काही होईल का. आता कोण बंद शटर वाजवणार?

आणि फोन. कॅमेऱ्याला काही हललेलं दिसलं की फोन थरथरायचा. मांजर, कबुतरं, उडती प्लास्टिकची पिशवी, दुधवाला, शेजारच्यांची सावली. भाचीच्या लग्नात अक्षता हातात धरून मी फोनमध्ये आमचं शटर बघत उभी होते. अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच. हे कानाशी म्हणाले, "चोर एकदा आला होता. तू त्याला रोज बोलावतेस."

मी नवी खुर्ची करायला घेतली होती. नवीन मशिनं घ्यायचा धीर होत नव्हता, म्हणून हातकरवतीनं. काम रेंगाळत होतं. मुलीची आई फोनवर कधी घाई करायची नाही, पण "मॅडम, झाली का?" विचारताना तिचा आवाज जरा खाली यायचा. शेवटी सांगाडा उभा राहिला, आणि मापाला म्हणून मी तिला बोलावलं.

त्या दिवशी मी आत काम करत होते. शटर खाली होतं, पण ती येणार म्हणून कुलूप काढून जाळीचा दरवाजा उघडून ठेवला होता. पाणी प्यायला मी घरात गेले. तेवढ्यात हे भाजीला निघाले. बाहेरून शटर खाली दिसलं, मी स्वयंपाकघरात दिसले, तेव्हा सवयीनं यांनी चालता चालता फोनवरून सायरन चालू केला.

शटरवर थाप पडली. ओळखीचा आवाज आला, "मॅडम?"

"उचल गं, उघडंच आहे," मी आतून ओरडले.

तिनं एका हातानं शटर उचललं. दुसऱ्या हातानं मुलीला कडेवर धरलं होतं.

तो आवाज मुलानं मला फोनवर एकदा ऐकवला होता, पण गॅरेजच्या चार भिंतींत तो वेगळाच होता. पोटात शिरणारा. मी धावत दारात आले तेव्हा मुलगी धनुष्यासारखी मागे ताणली गेली होती. अशा मुलांना अचानक आवाज सहन होत नाही. सगळं शरीर एकदम कडक होतं आणि त्यांना ते सोडवता येत नाही. हे मी आयुष्यभर आयांना शिकवत आले. दार आपटू नका, भांडं पाडू नका. तिचे हात बाजूला ताठ, मान मागे, तोंड उघडं. ती रडत होती, पण आवाजात रडणं ऐकूच येत नव्हतं, फक्त दिसत होतं. आईला तिला धड धरता येईना, खाली ठेवता येईना.

माझा फोन वर चार्जिंगला लावलेला होता. मी जिन्याकडे वळले, परत फिरले, मुलीला धरायला गेले, पुन्हा जिन्याकडे. तेवढ्यात वदिना रस्ता ओलांडून आली.

"वदिना, इसकू बंद कैसा करते?"

"फोनवरून!"

तिनं मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखा थांबला, सायरन वाजतच राहिला. त्याच्या आत बॅटरी होती. मग तिनं तिच्या गच्चीवरच्या वाळवणाचा बांबू आणला आणि दोन दणक्यांत तो सायरन भिंतीवरून पाडला. तो जमिनीवर पडूनही किंचाळत होता. तिनं तो पदरात गुंडाळला, तिच्या घरात पळाली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून वर झाकण लावलं. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की आवाज लांब गेला आहे.

मी जमिनीवर बसले, मुलीला मांडीवर घेतलं, तिचे गुडघे पोटाशी दुमडले, खांदे पुढे घेतले आणि हळूहळू डोलत राहिले. कडकपणा उतरायला खूप वेळ लागला. घामानं तिचे केस माझ्या हाताला चिकटले होते. आई भिंतीशी उभी होती.

ती शांतपणे तेलुगूत म्हणाली, "मॅडम, मी हिला पुन्हा इथं नाही आणणार."

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हे भाजी घेऊन आले तेव्हा गॅरेजमध्ये अंधार होता आणि मी तशीच खाली बसलेली होते. काय झालं ते ऐकल्यावर यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. पण मला सांग, आपण आता काय राखतोय?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून सगळं नव्यानं केलं. सायरन परत बसवला नाही. शटरच्या कड्याच्या जागी जाड पट्टी बसवली, तिचे बोल्ट आतल्या बाजूनं आवळले, म्हणजे बाहेरून कापायला डोकंच सापडत नाही. कुलूप असं घेतलं की ज्याची कडी झाकलेली असते. एक लोखंडी पेटी जमिनीत बोल्टांनी ठोकून घेतली, मगच नवी मशिनं आणली, आणि काम संपलं की ती सगळी पेटीत. हे चष्मा कपाळावर चढवून, कोरायच्या पेननं, प्रत्येक मशिनाच्या पोटावर आमची खूण काढत बसले. अक्षर असं सुबक की जणू कोर्टाचा शिक्का. कॅमेरा ठेवला, पण तो बोलायचा फक्त घराला कुलूप असेल तेव्हा. आणि दिवसा काम चालू असेल तेव्हा शटर पूर्ण वर.

पहिल्या दिवशी शटर वर करून काम करताना माझी पाठ रस्त्याकडे होती आणि पाठीला डोळे फुटल्यासारखं झालं होतं. कुणाचंही पाऊल वाजलं की हात थांबायचा. शेवटी मी टेबलच फिरवलं आणि रस्त्याकडे तोंड केलं. संध्याकाळी वदिना शेंगा घेऊन आली. "तुम्हारा भोंगा अब भी चावल में है," म्हणाली. "ले जाओ, नक्को मेरेकू."

मध्ये एकदा पोलिसांनी ओळख पटवायला बोलावलं. एका खोलीत टेबलावर कितीतरी ड्रिल मशिनं मांडलेली होती. त्यातलं एखादं माझं असेलही. मी एकेक हातात घेऊन वजन पाहिलं, बटणं दाबून पाहिली. खात्रीनं बोट ठेवावं असं एकही नव्हतं. आम्ही "नाही" म्हणून परत आलो. खुर्ची तर कधीच कुठे दिसली नाही.

नवी खुर्ची पूर्ण झाली तेव्हा मी मुलीच्या आईला फोन केला. "मीच घेऊन येते," म्हणाले. हे घरी थांबले. मी खुर्ची ऑटोत घालून नारायणगुड्याच्या मागच्या गल्लीत गेले. तिच्या बापानं ती दुसऱ्या मजल्यावर चढवली.

मुलीला बसवलं. ती डावीकडे कलत होती. बाजूचा फोम जाड झाला होता. माझी हत्यारं पेटीत, पेटीची किल्ली यांच्याकडे. आईनं भाजीची सुरी दिली. मी फोम तासत होते आणि पर्समध्ये फोन थरथरला. हे देवळात गेले असतील, घराला कुलूप असेल. मी न पाहता राहू शकले नाही. शटरसमोर दोन कबुतरं होती. मी फोन आत टाकला आणि पुन्हा सुरी उचलली.

पट्टा बांधला. पायाखालची फळी एक भोक वर घेतली. मुलगी बसली, सरळ, तिच्या स्वतःच्या पाठीवर. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

आई जागच्या जागी थिजली. मीही. मुलीचे हात उडाले, डोळे विस्फारले. पण पाय फळीवर टेकलेले होते, कंबर पट्ट्यानं धरलेली होती, खांदे पुढे होते. हात वर गेले तसेच खाली आले. ती रडली नाही. तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आईनं गॅस बंद केला आणि खिमटीची वाटी आणली. समोरच्या छोट्या टेबलावर चमचा ठेवला. मुलीनं हात सरकवत सरकवत तो गाठला आणि खाली पाडला. आईनं उचलून दिला. तिनं पुन्हा पाडला, आणि आमच्याकडे बघून मोठ्यानं हसली.